मदत हवी: उसात रुतलेला पॅटन रणगाडा, वार्निश पांढरं पडलंय आणि आजोबा म्हणतात माती चुकली

कृष्णाकाठ_३५

नमस्कार मंडळी,

पलूस तालुक्यातला आहे, घरचा थोडा ऊस, दिवसा मिरजेत नोकरी आणि रात्री जेवणं उरकली की त्याच टेबलावर प्लॅस्टिकची मॉडेलं. आत्तापर्यंत नुसती विमानं केली, रणगाडा पहिल्यांदाच आणि डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवतीचा सगळा देखावा, तर कधीच नाही. तीन ठिकाणी एकदम अडकलोय म्हणून धागा काढला, लांबलाय, सांभाळून घ्या.

तर आमचे आजोबा ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते. १९६५ ला खेमकरण भागात होते, लढायला नाही, नंतर अडकलेले रणगाडे ओढून काढायला. असल उत्तरची लढाई इथं बऱ्याच जणांना माहीत असेलच, ८ ते १० सप्टेंबर, शेतांत पाणी सोडलेलं, उंच ऊस, त्यात आपले सेंचुरियन आणि शर्मन रणगाडे दबा धरून बसलेले आणि समोरनं आलेले पाकिस्तानी पॅटन चिखलात. अब्दुल हमीद यांची जीपवरची १०६ मिमीची तोफ ती याच लढाईतली. आजोबा या विषयावर फार बोलत नाहीत पण ऊस म्हणलं की बोलतात, कारण आपल्यासारखाच ऊस आणि आत हे एवढं धूड हे चित्र त्यांच्या डोक्यातनं साठ वर्षांत गेलेलं नाही. म्हणून त्यांच्यासाठी एक रुतलेला पॅटन करायचा ठरवला. किट टामियाचं एम४८ए३ (पॅटनचाच एक प्रकार), १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं.

आता रडगाणं, फोटो सोबत जोडलेत.

पहिलं म्हणजे वार्निश. जुलैत, बाहेर धो धो पाऊस, आणि मी शहाणा मॅट वार्निशचा स्प्रे घेऊन सोप्यात बसलो. अर्ध्या तासात सगळ्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) पांढरी साय धरली, जशी थंड दुधावर धरते तशीच. ओल्या फडक्यानं पुसलं, जात नाही. त्याच्या आधी अजून एक उद्योग करून ठेवलेला, वॉश (खाचांत भरायचा पातळ रंग) करायला इनॅमल रंगाला काय लागतं म्हणून कोपऱ्यावरच्या पेंटच्या दुकानात थिनर मागितलं, त्यानं एनसी थिनर दिलं, मी वास पण घेतला नाही आणि ब्रश फिरवला. मागच्या मडगार्डावरचा रंग तर उठलाच पण खालचं प्लॅस्टिक मऊ होऊन ब्रशचे केस त्यात उमटलेत. तिथं आता काय करायचं?

दुसरं म्हणजे ऊस. इथं मला वाटलं होतं आपण राजे. ऊस बघायला पुस्तक उघडायला नको, मागचं दार उघडलं की झालं. हिरवा कार्डपेपर कापून पानं केली, तारेला चिकटवली, आणि दिसतंय काय तर गणपतीच्या मांडवातल्या पताका. शिवाय हिशोब केला आणि घामच फुटला. ३० सेंमीची पाटी म्हणजे १/३५ नं साडेदहा मीटर, साडेदहा गुणिले साडेदहा, म्हणजे गुंठ्याच्या थोडं वर. एकरी ४०,००० ऊस धरला तर गुंठ्याला हजार. रणगाड्याखालचा पाव गुंठा वजा केला तरी सातआठशे ऊस मला एकट्याला लावायचाय, आणि तो पण टोळी न लावता.

तिसरं माती. ही सगळ्यात लागलेली गोष्ट. मळ्यातली माती आणली, चहाच्या गाळणीनं चाळली, फेविकॉल आणि पाणी घालून पाटीवर आणि ट्रॅकवर थापली, मला तर लई भारी वाटलं. आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, पाटी उजेडाला धरली आणि म्हणले, "ही आपल्या मळ्यातली माती हाय रं. तिकडं असली काळी नव्हती. आणि ह्याला गंज कशानं लागला? उभ्या उभ्या म्हातारा झाला व्हय?" (गंज मी व्हिडिओ बघून सगळीकडं मारलाय, टरेटपासून टूलबॉक्सपर्यंत.) वर आठ दिवसांनी त्या मातीवर पांढरी बुरशी पण आली, तो बोनस.

आता सगळं फेकून नव्यानं करू का यातलं काही वाचतं ते सांगा. एअरब्रश आहे, साधा. आणि पाणी दाखवायला रेझिन आणलंय ते वापरू का नको.

मिरजेचा_एअरब्रशवाला

भावा फेकू नको, वाचतंय सगळं.

पांढरी साय म्हणजे स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथंच धरते, आपल्याकडं जून ते सप्टेंबर हे व्हायचंच. पुसून जाणार नाही कारण ते वार्निशच्या आत आहे. पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी एक ते चारच्या मधे त्याच्यावर ग्लॉसचा पातळ हात मार, बऱ्याचदा साय तिथंच विरघळते. मग दोन दिवस थांबून मॅट, तो पण लांबनं, दोनतीन पातळ हात, एकदम भिजवायचं नाही. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा. कोमट म्हणलंय, उकळत्या पाण्यात ठेवून माझ्याकडं यायचं नाही. आधी पोटाखाली एका कोपऱ्यात करून बघ.

एनसी थिनरनं प्लॅस्टिक विरघळतं हे तुला आता समजलंच. इनॅमल आणि ऑइल रंगाच्या वॉशला एमटीओ, मिनरल टर्पेंटाइन, पेंटच्या दुकानातच मिळतं, नाव घेऊन मागायचं, नुसतं थिनर म्हणलं की तो समोर असेल तीच बाटली देतो. मऊ झालेल्या जागेला आठवडाभर हात लावू नको, कडक झाली की ६०० नंतर १००० चा पॉलिश पेपर. मडगार्ड आहे ना, नाहीच निघालं तर चिमट्यानं वाकवून टाक. उसातनं आलेल्या रणगाड्याचं एक मडगार्ड वाकडं असलं तर कोण विचारतंय.

एमटीओ पण बदाबदा ओतू नको. चाकांच्या सांध्यात साचलं की प्लॅस्टिक तडकतं, माझा टी-५५ रणगाडा एकदा टेबलावरच खाली बसला होता.

पाचट_आणि_पोळी

मॉडेलिंग मला येत नाही, धाग्यात ऊस दिसला म्हणून आलो. वाळवा तालुका, तीन पिढ्या ऊस.

तुम्ही कांडीला तार वापरताय ते सोडा, खराटा घ्या. नारळाचा हीर बुडाला जाड आणि शेंड्याला बारीक असतो. खरा ऊस अडीच तीन सेंमी जाड, भागिले ३५ केलं की पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतो, हिराचा वरचा अर्धा भाग बरोबर तेवढाच आहे. पंजाबातला ऊस आपल्या ८६०३२ जातीपेक्षा बारीकच, त्यामुळं जाड हीर काढून टाका. पेरं दाखवायची हौस असेल तर नखानं चार चार मिलिमीटरवर खूण करा, पुढच्या ओळीतल्या ऊसांनाच.

दुसरं म्हणजे तुमचा फोटोतला ऊस नखशिखांत हिरवा आहे. असा ऊस कुठं बघितला? सप्टेंबरात खालची पानं वाळून लोंबत असतात, हिरवं फक्त वरचं वाढं. खालचं अर्धं पाचट तपकिरी केलं की अर्धं काम झालं, आणि पाचट म्हणजे दिसायला कचराच, तिथं पान न पान कापायची गरज नाही, मक्याच्या कणसावरची वाळकी सालं उभी फाडून टाका. आणि तुरा घालू नका हं, एकानं घातलेला बघितलाय, तुरा थंडीच्या तोंडावर येतो.

ट्रॅक्टर घुसला की ऊस कसा पडतो बघितलंय ना? तुटत नाही सगळा. बुडातनं मुळासकट उलथतो, गाडी गेली त्या दिशेला झोपतो, आणि चाकाखाली आलेला तेवढा चिरडून आतनं पिवळट पांढरा दिसतो. कडेचा ऊस मोकळ्या जागेकडं तिरका लोळतो. तुमचा सगळा ऊस शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा आहे.

रणगाडावेडा_सातारा

वरच्या दादांनी उसाचं सगळं सांगितलं, मी फक्त पानांचं पुढं नेतो. कार्डपेपर जाड पडतो, बटर पेपर घे. दोन कागदांच्या मधे मोटार वाइंडिंगच्या दुकानातली सगळ्यात बारीक तांब्याची तार, पातळ फेविकॉल, वाळलं की तारेच्या दोन्ही बाजूनं दीड मिलिमीटर रुंद आणि तीन सेंमी लांब टोकदार पट्टी कापायची. तार मधे राहते, तीच उसाच्या पानाची पांढरी शीर, आणि पान पाहिजे तसं वाकतं. एका उसाला सात आठ पुष्कळ. आणि सातआठशे ऊस लावू नको रे, पुढच्या दोन सऱ्या नीट, मागं नुसती गच्च दाटी.

आता वाईट बातमी. ए३ म्हणजे डिझेलवाला पॅटन. खेमकरणला आलेले एम४७ आणि एम४८ पेट्रोलवर चालणारे. ए३ चे फेंडरवरचे (मडगार्डावरचे) एअर क्लीनरचे मोठे डबे आणि मागचं इंजिनाचं झाकण यात फरक आहे. आजोबा ईएमईतले आहेत म्हणतोस, त्यांनी अजून पकडलं नाही याचंच नवल वाटतंय. नवीन किट घेऊ नको, रणगाड्याची मागची बाजू उसात घाल आणि डब्यांवर पाचट आणि ताडपत्री टाक.

गंजाबद्दल आजोबा बरोबर आहेत पण एक पोटकलम आहे. जळलेला रणगाडा चारदोन दिवसांत नारंगी होतो, रंग जळून पोलाद उघडं पडतं, चाकांचं रबर जळून राख होते. सोडून दिलेल्याला गंज कसला, ट्रॅक फक्त घासून चकचकीत आणि सायलेन्सरवर थोडा तांबूसपणा. म्हणजे तुझा जळालाय का सोडून दिलाय हे आधी ठरव, आणि त्याहून महत्त्वाचं, कुठल्या दिवशीचा आहे? १० तारखेचा असेल तर चिखल ओला, चमकणारा. शस्त्रसंधी २३ सप्टेंबरला झाली, त्यानंतरचा असेल तर वरचा थर वाळून पांढुरका, फक्त खाचेत ओल.

मातीचं म्हणशील तर ती गाळाची जमीन, फिकट, राखाडीकडं झुकणारी तपकिरी, वाळली की जवळजवळ खाकी. तुझी काळी माती खरवडू नको, तिच्यावरच रंग मार. बुरशी मात्र आधी घालव, ब्रशनं झाडून डेटॉलचं पाणी. पुढच्या वेळी माती तव्यावर भाजून घ्यायची. तवा आईचा नको.

कृष्णाकाठ_३५

सगळ्यांचे पाय धरतो. तवा आईचाच होता, उशीर झाला.

काल रात्री आजोबांना विचारलं, कुठल्या दिवशीचा करू. मला वाटलं लढाईचा म्हणतील. ते म्हणले, "मी लढाईत कुठं होतो? मी गेलो तवा सगळं गप झालेलं. नुसत्या माशा आणि पेट्रोलचा वास." मग डिझेलचं किट आहे हे मीच कबूल करून टाकलं. हसले. म्हणले ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तू हौसेनं करत होतास.

मग पाटी मांडीवर घेऊन बसले आणि तासभर सांगितलं, एवढं कधीच बोलले नव्हते. रुतलेला रणगाडा नुसता खाली जात नाही, पोटावर बसतो. पोट टेकलं की ट्रॅक नुसते फिरत राहतात आणि स्वतःसाठी चर खणतात, ती माती दोन्ही अंगाला बाहेर फेकली जाते, शेणाच्या ढिगासारखी. ड्रायव्हर आधी पुढं रेटतो, मग मागं, म्हणून मागच्या खुणा एकेरी नसतात, एकावर एक चढलेल्या असतात. मी मात्र सरळ दोन रेघा ओढल्या होत्या, बैलगाडीच्या. आणि असं ४५ टनांचं धूड ओढायला आधी ट्रॅकच्या पुढं खणायचं, लाकडं घालायची, मग वायररोप, आणि रोपला ताण आला की माणसांना लांब उभं करायचं, कारण तुटला तर पाय घेऊन जातो. हे सांगताना त्यांचा हात आपोआप मागं गेला, मला मागं सारायला.

त्यामुळं सीन बदलतोय. लढाई नाही. सप्टेंबर संपत आलाय, चिखल वाळलाय, पॅटन सोडून दिलेला, पुढच्या हुकला शॅकल आणि वायररोप, आणि रोप पाटीच्या कडेपर्यंत जाऊन तिथंच संपतो, ओढणारी गाडी दाखवायची नाही. त्यामुळं रेझिन रद्द, ते वहिनीला दिवाळीच्या नावाच्या पाटीला दिलं. गंजावर ऑलिव्ह रंगाचा पातळ हात मारून दाबलाय.

दोन शंका राहिल्यात. वार्निशची साय टरेटवरनं घालवतो पण खालच्या अंगाला तशीच ठेवली तर वाळलेली धूळ म्हणून खपेल का, कारण एका बाजूला ती खरंच छान दिसायला लागली आहे. आणि वायररोप १/३५ ला कशाचा करायचा, २५ मिमीचा धरला तर पाऊण मिलिमीटरच्या आत येतो.

मिरजेचा_एअरब्रशवाला

खपेल, पण खालच्या अंगाचीच ठेव आणि कडा फिकट खाकी पिगमेंटनं (रंगाच्या कोरड्या भुकटीनं) मोड, नाहीतर साय आणि धूळ यातली रेघ दिसते. पिगमेंट धरायला एमटीओचा एक थेंब. एमटीओ.

रोपला जुन्या चार्जरची वायर सोल, आतले तांब्याचे केस आठदहा घेऊन एक टोक ड्रिलच्या चकमध्ये आणि दुसरं पक्कडीत धर, हळू फिरव. पीळ बसला की मेणबत्तीच्या वर लांबनं शेकव म्हणजे सुटत नाही. सरळ ताणलेला लावणार का सैल?

कृष्णाकाठ_३५

सैल. आजोबा म्हणतात ताणलेला असेल तर जवळ माणूस उभा करता येणार नाही, आणि त्यांना तिथं एक माणूस पाहिजे आहे, बिनटोपीचा, हातात फावडं. १/३५ चं फावडं कशातनं कापू ते तेवढं सांगा. खराटा निम्मा संपलाय, आईनं आज अंगण झाडायला घेतल्यावर कळलं तिला.