खोकला तुमचा, दोष आमच्या प्रतिकारशक्तीचा?

शाहूपुरीची सून

काल इथे ‘पहाटवारा’ यांनी जे लिहिलंय त्यावर गप्प बसणार होते. पण खाली इतक्या जणांनी अंगठे उठवलेत की राहवलं नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तब्येत ज्याची त्याने सांभाळावी, माझ्या खोकल्याने तुम्ही आजारी पडत असाल तर दोष तुमच्या प्रतिकारशक्तीचा, पहाटे साताऱ्याचा अजिंक्यतारा गड चढा, गार पाण्याने आंघोळ करा, आणि मास्कवाल्यांनी घरी बसावं.

बरं. माझं ऐका आता.

गेल्या मार्गशीर्षात दिरांनी घरावर मजला चढवला, त्याची वास्तुशांत होती. आम्ही खालीच राहतो. माझी मुलगी चाळीस दिवसांची. चुलतसासरे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, खोकतच आले. तोंडात खडीसाखर. ‘जरासं खवखवतंय गं’ म्हणाले आणि पाळण्यातून पोरीला उचलून गालाला गाल लावला. मी ‘तात्या, नको’ म्हणायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी डोळे वटारले. मिटलं तोंड.

चौथ्या दिवशी पोर दूध ओढेना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायचा, मोजला तर मिनिटाला साठच्या वर. पाच रात्री दवाखान्यात काढल्या. नाकातली ऑक्सिजनची नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली. ती पट्टी काढली तेव्हा चौकोनी लाल वळ उठला होता, बरोबर त्याच गालावर. तिसऱ्या दिवशी तात्या भेटायला आले. हातात कंदी पेढ्यांचा पुडा, आणि खोकला तसाच.

पहाटवारा, चाळीस दिवसांच्या पोरीने कोणता गड चढायचा ते सांगा.

पहाटवारा

ताई, बाळाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण राग चुकीच्या माणसावर काढताय. मी मोठ्या माणसांबद्दल लिहिलं होतं. वय ५८. वीस वर्षं रोज गडावर जातो, बीपीची गोळी नाही, शुगर नाही. आमच्या लहानपणी घरात दहा पोरं, एकाला गोवर आला की सगळ्यांना यायचा, कोण मास्क लावत होतं? २०२० ला माणसं घरात कोंडली आणि आता जरा वारा लागला की सलाइन.

आणि एक विचारतो, राग मानू नका. चाळीस दिवसांचं बाळ वास्तुशांतीच्या गर्दीत नेलंच कशाला?

शाहूपुरीची सून

नेलं नाही. आम्ही खालीच राहतो असं लिहिलंय वर. वीस वर्षं गड चढून चष्म्याचा नंबर उतरला नाही वाटतं.

आणि लहानपणी दहा पोरांना गोवर यायचा म्हणताय, त्यातली किती मोठी झाली तेही घरच्या म्हाताऱ्यांना विचारून या. माझ्या आजीची दोन गेली. त्यांची नावंसुद्धा ठेवायची राहिली होती.

कोडोलीकर

थांबा थांबा. पहाटवारा म्हणजे तेच का, जे सव्वापाचला ‘चार भिंती’ स्मारकापासून स्पीकर लावून गडावर जातात? पाचसहा जणांचं टोळकं, सगळे पांढरे बूट, एकाच्या खांद्यावर तो डबा? रस्ता अडवून चौघं शेजारी शेजारी, मागून गाडी आली तर हॉर्नवर डोळे काढणार. आणि हे दुसऱ्याला तब्येतीचे धडे देणार!

माझी दुसरी पाळी असते एमआयडीसीत. भाड्याची खोली गडाच्या पायथ्याला. पावणेदोनला डोळा लागतो आणि सव्वापाचला भजन. ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. सव्वापाच म्हणजे कायद्याने रात्रच.

पहाटवारा

मी स्पीकर लावत नाही. आमच्या ग्रुपमधले एक लावतात. भजनच लावतात, डीजे नाही. गणपतीत अकरा दिवस दणदणाट चालतो तेव्हा तुमचा नियम कुठे जातो?

कोडोलीकर

गणपतीतही त्रासच होतो की. अकरा दिवस होतो म्हणून बाकीचे साडेतीनशे दिवस फुकट का?

रिटायर मास्तर

कोडोलीकर, तो मी असेन. स्पीकर नव्हे, रेडिओ आहे. सेलवर चालणारा. आकाशवाणी सांगली लावतो, भक्तिसंगीत लागतं सकाळी. वय ७३. डाव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज थोडा मोठा असतो, हे कबूल.

मंडळी गेली त्याला तीन वर्षं झाली. आम्ही दोघं मंगळाईच्या देवळापर्यंत जायचो. ती सारखी बोलायची आणि मी म्हणायचो, जरा गप्प बस, पक्षी ऐकू दे. आता पक्षी ऐकवत नाहीत. तुम्हाला त्रास होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बंद केला असता.

कोडोलीकर

मास्तर, असं काही लिहिता की माणसाला भांडताही येत नाही.

पण खरं सांगायचं तर मला ऐकू येतो तो रेडिओ नाही. तो चांगला मोठा, निळे दिवे लागणारा डबा आहे. तो तुमचा नसेल तर तुम्ही कशाला माफी मागताय? ज्याचा आहे तो मजेत वाचत बसलाय.

सदरबझारी

माझाही एक मुद्दा. गडाच्या रस्त्यावर आणि यवतेश्वर घाटात माकडांना बिस्किटं घालणारे पुण्यवान! पुण्य कमावून ते घरी जातात आणि माकडं आमच्या हातातली पिशवी ओढतात. परवा माझ्या बायकोच्या हातून औषधांची पिशवी गेली. कठड्यावर बसून त्याने गोळ्यांची पाकिटं एकेक करून फाडली आणि आमच्याकडे बघत खाली टाकली.

खिडकीवाला

अहो, खोकल्याचं चाललं होतं ना? माकडं कुठून आली?

मी एसटीत वाहक आहे. थंडीत महाबळेश्वरची फेरी. साठ माणसं, सगळ्या खिडक्या बंद. एक जण वाढे फाट्यापासून खोकतोय. मी खिडकी उघडायला सांगितली की मागून ओरडा, पोरं गारठतील. मी मास्क लावला की ‘मास्तर, कोरोना परत आला काय?’ आणि सगळी गाडी हसते. सांगायचं कुणाला?

पण ताईंनाही एक विचारतो. तुम्ही म्हणणार, आजारी माणसाने घरी बसावं. मला सर्दी झाली म्हणून चार दिवस रजा टाकली तर डेपोत काय ऐकायला मिळतं ते या एकदा ऐकायला. आणि जो रोजंदारीवर आहे त्याचं काय? त्याने खोकला झाला म्हणून चूल बंद ठेवायची? घरी बसा म्हणणं सोपं आहे, पगार चालू असला की.

शाहूपुरीची सून

दादा, घरी बसा हे मी लिहिलेलंच नाही. ते पहाटवारांचं वाक्य आहे, आणि तेही मास्कवाल्यांसाठी. कामावर जाणाऱ्याला मी कोण अडवणार? माझा नवराही खोकत दुकान उघडतो. पण वास्तुशांतीला नाही गेलं तर कुणाची चूल बंद पडते? आणि गेलाच, तर परक्याच्या बाळाला उचलायलाच हवं असं थोडंच आहे. रुमाल खिशात असतो, तो काढायला रोजंदारी बुडत नाही.

वाईची लेक

रुमाल म्हणे. आमच्याकडे हातात शिंकतात आणि त्याच हाताने प्रसाद देतात. घेतला नाही तर देवाचा अपमान. मी एकदा प्रसाद कागदात घेतला तर ‘शहाणी झाली’ असं आत्याबाई वर्षभर बोलत होत्या.

मिरजकर

सातारकरांच्या भांडणात नाक खुपसतोय. आमच्या मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, त्यामुळे खोकल्यावर मत द्यायचा हक्क जन्मजात मिळतो.

पहाटवारा एका बाबतीत बरोबर आहेत. उघड्या गडावर, वारा सुटलेला असताना, चार हात लांबून कुणी खोकला तर फारसं काही होत नाही. बंद खोली, बंद गाडी, लग्नाचा एसी हॉल, तिथे मात्र प्रश्न येतो. फ्लूचा माणूस त्रास सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. गार पाण्याच्या आंघोळीने तो कालावधी कमी होत नाही. अँटिबायोटिकनेही नाही, कारण ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. तरी आमच्याकडे औषधाच्या दुकानात जाऊन ‘एक पाचशेची अँटिबायोटिक द्या’ म्हणणारे रोज दिसतात.

पण ताईंच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक सांगायचंय. खोकणाऱ्याकडे फार वाकडं बघू नका. माझ्या आजीला टीबी झाला होता, पाचगणीला सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं. तेव्हा हवा आणि विश्रांती हाच मोठा इलाज. माझे वडील तेव्हा सात वर्षांचे. त्यांना आजी दिसायची ती व्हरांड्यातल्या खाटेवर, लांबून, हात हलवताना. बरी होऊन आली तरी तिचा पेला वेगळा, ताट वेगळं, माजघरात येणं बंद. मरेपर्यंत. तो पितळी पेला आमच्याकडे अजून आहे, काठाला ओळखीची खूण म्हणून दोरा बांधलेला. पेल्याने टीबी पसरत नाही, हवेतून पसरतो, पण हे तेव्हा सांगणार कोण? हे बघितलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला खोकला सुरू झाला तेव्हा तिने तो लपवला. पदराआड खोकायची. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पहाटवारा

बघा! मी हेच म्हणतोय. घाबरवू नका लोकांना.

मिरजकर

तुम्ही हे म्हणत नव्हता हो. तुम्ही म्हणत होता की आजारी पडणाऱ्याचीच चूक. बहिणीने लपवलं ते त्याच भीतीने, चूक आपल्या माथी येईल म्हणून.

पहाटवारा

बरं, वाक्य चुकलं असेल. प्रतिकारशक्तीचं वाक्य मागे घेतो. मास्कवाल्यांचं घेत नाही. एकटा माणूस मोकळ्या रानात मास्क लावून चालतो ते मला अजूनही हास्यास्पद वाटतं.

खिडकीवाला

त्याला धुळीची ॲलर्जी असेल. विचारलंत कधी?

पहाटवारा

विचारलं नाही.

सदरबझारी

माकडांवर कुणीच बोलत नाही.

वाईची लेक

मला एक कळत नाही. ज्यांनी डोळे वटारले त्या सासूबाईंवर कुणीच का बोललं नाही? तात्या चुकले, मान्य. पण ताई बोलायला निघाल्या होत्या. त्यांना गप्प कुणी केलं? आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘लांब व्हा’ म्हणणं हाच आजारापेक्षा मोठा गुन्हा.

शाहूपुरीची सून

ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण त्या हे वाचतात.

वाचत असाल तर आई, मी रागावलेली नाही. दवाखान्यात पाचही रात्री तुम्हीच खुर्चीवर बसून होता, मला झोप म्हणत होता, हेही इथे लिहून टाकते. पण तेव्हा मी बोलायला हवं होतं, आणि तुम्ही बोलू द्यायला.

रिटायर मास्तर

तात्यांचा खोकला गेला का, सूनबाई? दोन आठवड्यांच्या वर चालला असेल तर थुंकी तपासून घ्यायला सांगा. सरकारी दवाखान्यात फुकट होतं. टीबी निघाला तरी गोळ्या साधारण सहा महिने, आणि माणूस ठणठणीत होतो.

शाहूपुरीची सून

तपासली सर, महिनाभराने. तसलं काही निघालं नाही, बिड्यांचा खोकला म्हणाले. तात्या अजून येतात. आता उंबऱ्याबाहेर थांबून विचारतात, ‘येऊ का गं, की लांबूनच बघू?’ चेष्टेनं विचारतात की टोमणा मारतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण विचारतात.

सदरबझारी

बिड्या सोडायला सांगा आधी.

शाहूपुरीची सून

ते तुम्ही सांगा. मी एका वर्षात एकच लढाई लढते.

कोडोलीकर

आज सकाळी सव्वापाचला परत भजन. निळे दिवे खिडकीतून स्वतः पाहिले. एवढा मोठा धागा झाला, त्या माणसाने वाचला नाही का?

रिटायर मास्तर

माझा नव्हता. मी आज रेडिओ घरीच ठेवला होता. देवळापर्यंत जाऊन आलो. फार लांब वाटलं.

कोडोलीकर

मास्तर, तुम्ही आणा हो तुमचा रेडिओ. सहानंतर लावा फक्त.

पहाटवारा

डबेवाल्याशी मी बोलतो. ऐकेल याची खात्री देत नाही. तो माझा मेव्हणा आहे.