ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घ्यायचा स्वारीचा प्रकार) शिकतेय, पण बाई लगाम हातातच देत नाहीत. हे नॉर्मल आहे का?

रेवती_हॅनोव्हर:
नमस्कार मंडळी. जर्मनीत हॅनोव्हरजवळ राहते, इथे गावोगावी राइडिंग क्लब, म्हणून मीही चाळिशीत हौस भागवायला सुरुवात केली. आमच्या ड्रेसाजच्या बाई मला अजून लंजवरच फिरवतायत, म्हणजे त्या मधोमध लांब दोरी धरून उभ्या, घोडी त्यांच्याभोवती गोल गोल आणि मी वर, रिकिबी काढलेल्या, हात कमरेवर. दुडकीत नुसती आदळत असते, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. शेजारच्या तबेल्यात माझ्या मागून आलेली मुलगी लगाम धरून घोड्याची मान कमानीसारखी वळवून फिरते, फोटो तर अगदी ऑलिंपिकवाले. बाईंना विचारलं तर म्हणे आधी बसायला शीक, हातांचं नंतर बघू. नवरा म्हणतो पैसे काढतायत. अहो माथेरानला पहिल्याच दिवशी लगाम हातात दिला होता! बाई बदलू का?

खोगीर_पुणे:
अजिबात बदलू नका, उलट नशीबवान आहात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पण नवीन मुलांना आधी लंजवरच बसवतात, रिकिबी नाहीत, लगाम नाही. मांड पक्की नसली की माणूस लगामाला लटकून तोल सांभाळतो, आणि त्या लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडातल्या लोखंडाला असतं. तुम्ही आदळलात की तिकडे हिसका बसतो, मग घोडा मान वर करून पाठ ताठ करतो आणि ताठ पाठीवर तुम्ही अजूनच आदळता. मांड्यांनी आवळून धरत असाल तर सोडा, आवळलं की खोगिरातून वर उचलले जातो आपण. आणि श्वास रोखू नका, कंबर आखडते. माथेरानचं म्हणाल तर तिथला घोडा पुढच्याच्या शेपटीमागे जातो, लगाम तुमच्या हातात असला काय नसला काय :)

मोहन_ठाणे:
मांड वगैरे सगळं मान्य, पण मला हे थोडं अति वाटतं. व्हिएन्नाची मुलं रोज बसतात, पूर्णवेळ तेच काम. आठवड्यातून एकदा जाणाऱ्या चाळिशीतल्या बाईंना तोच नियम लावला तर दोन वर्षं गोलातच जातील. शिवाय छोट्या गोलात सतत फिरवलं की घोड्याच्या सांध्यांवरही ताण येतो, त्याचं काय? अर्धा तास लंज आणि शेवटची दहा मिनिटं लगाम घेऊन साधी चाल, असं मागून बघा. चालीत फारसं आदळायला होत नाही, घोडीच्या तोंडालाही त्रास नाही.

टापा_मुंबई:
मोहनरावांशी अर्धी सहमत. पण त्या कमानदार मानेवर भाळू नका रेवतीताई. जर्मन पद्धतीत घोडा तयार करायचा क्रम ठरलेला आहे: आधी ताल, मग सैलपणा, मग लगामाशी संपर्क, मग जोर, सरळपणा आणि शेवटी कलेक्शन (घोडा वजन मागच्या पायांवर घेऊन अंग गोळा करून चालतो ते). म्हणजे हाताचा नंबर तिसरा! मान वळते ती मागून, मागचे पाय पोटाखाली येऊन पाठ उचलली गेली की. समोरून ओढून नाक छातीकडे आणलं तर फोटो छान येतो, पण मागचे पाय मागेच राहतात. पुढच्या वेळी त्या मुलीचा घोडा बाजूने बघा, साध्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडतो का? आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे हवं, आत नको.
आपला अनुष अगरवाला, 2023 च्या हांगझोऊ एशियाडला ड्रेसाजमध्ये टीम गोल्ड आणि वैयक्तिक ब्राँझ, तोही तुमच्याच जर्मनीत ह्युबर्टस श्मिट या प्रशिक्षकाकडे तयार झाला. त्याच गोल्ड टीममध्ये आमच्या मुंबईचा हृदय छेडा होता. घाई आणि जबरदस्तीचं म्हणाल तर 2024 ला ब्रिटनची ड्रेसाज स्वार शार्लट डुजार्डिन ऑलिंपिकच्या तोंडावर बाहेर पडली ते आठवा, क्लासमध्ये घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाचा व्हिडिओ निघाला होता. तीन ऑलिंपिक गोल्डवाली बाई. त्यामुळे चाबूक न उगारणारी, सावकाश शिकवणारी बाई मिळाली असेल तर मी तरी सोडणार नाही.

रेवती_हॅनोव्हर:
धन्यवाद सगळ्यांना! काल मुद्दाम श्वास सोडत बसले तर घोडीने मान खाली सोडून मोठ्ठं फुर्रर्र केलं, बाई पहिल्यांदाच "हां!" म्हणाल्या. चालीत दहा मिनिटं लगामाचं विचारलं, पुढच्या आठवड्यापासून देते म्हणाल्या. शेजारचा घोडा पण बघितला, मागचा खूर चांगला वीतभर अलीकडे पडत होता.
बाकी मांड्या आतून सोलवटतात त्याला काय लावता तुम्ही लोक?

खोगीर_पुणे:
आधीच व्हॅसलीन चोपडायचं. आणि जीन्स घालून बसत असाल तर ती आधी बंद करा, आतली शिवणच टोचते.