कॅपिटल वाय अख्खी ओळ का उचलतं? विमने हे जुनं ओझं टाकावं की नाही?

कर्सरवाला:
सहा वर्षं विम हा टेक्स्ट एडिटर वापरतोय आणि माझं रडगाणं एकच आहे. कॅपिटल डी दाबलं की कर्सरपासून ओळीच्या शेवटपर्यंतचं उडतं, कॅपिटल सी दाबलं की तेवढंच उडून लिहायला मिळतं, मग माणूस धरून चालतो की कॅपिटल वाय तेवढंच कॉपी करेल, तर नाही, ते अख्खी ओळ उचलतं. का, तर सत्तरच्या दशकातल्या बिल जॉयच्या व्हीआयमध्ये, म्हणजे विमच्या पूर्वज एडिटरमध्ये, तसं होतं म्हणून. विमची हेल्प फाइल स्वतःच कबूल करते की शेवटपर्यंत कॉपी करणं जास्त लॉजिकल आहे, फक्त व्हीआयशी जुळत नाही. विमपासूनच निघालेल्या निओविमने २०२१ मध्ये ०.६ आवृत्तीत बदलून टाकलं, काही आभाळ कोसळलं नाही. विमनेही करावं.

जुना_खांब:
साफ विरोध. पहिलं म्हणजे वाय एकटं नाहीये, कॅपिटल एस पण अख्खी ओळच बदलतं, ते कसं विसरलास? दुसरं, मी पण तुझ्यासारखं शहाणपण करून लॅपटॉपवर वाय बदलून घेतलं होतं. एका रात्री अडीच वाजता क्लायंटच्या सर्व्हरवर, तिथे साधं व्हीआय, कॉन्फिगमधला नुसता पोर्ट नंबर उचलायचा होता, वाय मारलं, पेस्ट करायला पी मारलं, आणि अख्खी ओळ खाली जाऊन बसली. झोपेत लक्षातच आलं नाही. सेव्ह केलं, सर्व्हिस काही उठेना. वीस मिनिटं लॉग बघत बसलो. त्या दिवशी वायचं काम बदलणारं ते मॅपिंग काढून टाकलं ते कायमचं.

कर्सरवाला:
अहो मग हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला ना, मुळात सगळीकडे बदललं असतं तर तुम्ही फसलाच नसता.

जुना_खांब:
"सगळीकडे" कधीच बदलत नाही रे. अर्धे सर्व्हर नवे, अर्धे जुने, आणि बोटं दहाच.

ईमॅक्सवाली:
शेजारच्या गल्लीतून डोकावते 🙂 आमच्याकडे हे होऊन गेलंय. २००९ साली आमच्या एडिटरचं, ईमॅक्सचं, २३ व्हर्जन आलं आणि कंट्रोल-एन, जे आधी फाइलमधल्या पुढच्या ओळीवर न्यायचं, ते डिफॉल्टने स्क्रीनवरच्या पुढच्या ओळीवर न्यायला लागलं. वाचताना छान वाटतं, पण लांब ओळ दुमडली गेली असेल तर तोच मॅक्रो, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेल्या कमांड, रुंद विंडोत बरोबर चालतो आणि अरुंद विंडोत त्याच ओळीवर घुटमळतो. सेटिंग बंद करता येतं, पण ते कळेपर्यंत फाइलची वाट लागलेली असते. तुमच्या विमने इथे बरं केलं, फाइलमधल्या पुढच्या ओळीवर नेणाऱ्या 'जे' बटणाला हात लावला नाही, स्क्रीनच्या ओळीसाठी जी-जे वेगळं दिलं.

कर्सरवाला:
पण निओविमनेही आंधळेपणाने नाही केलेलं ताई. वायचं मूळ काम तसंच ठेवलंय, वरून फक्त डिफॉल्ट मॅपिंग चढवलंय. स्क्रिप्टमध्ये 'नॉर्मल' कमांडपुढे उद्गारचिन्ह देऊन, म्हणजे मॅपिंग टाळून, वाय लिहिलं असेल तर अजूनही अख्खीच ओळ येते. जुनं मोडलं कुठे?

जुना_खांब:
स्क्रिप्टचं नाही मोडलं. माझ्या बोटांचं मोडलं. बोटांपुढे उद्गारचिन्ह कुठे लावू?

नवशिका_२:
मध्येच विचारतो, सॉरी. "आंबा फणस काजू" लिहिलंय, कर्सर फणसच्या फ वर. डी-डब्ल्यू (शब्द उडवायला) केलं तर फणससोबत पुढची स्पेसही जाते. सी-डब्ल्यू (शब्द उडवून नवा लिहायला) केलं तर स्पेस राहते. डब्ल्यू तर दोन्हीकडे तोच ना?

जुना_खांब:
तोच, पण शब्दावर असताना सी-डब्ल्यू गुपचूप सी-ई सारखं वागतं, म्हणजे शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंतच. नियमाने चाललं असतं तर फणसच्या जागी पेरू टाइप केल्यावर "आंबा पेरूकाजू" झालं असतं आणि प्रत्येक वेळी स्पेस हाताने द्यावी लागली असती. हेही विसंगतच आहे, बदलायचं का रे कर्सरवाल्या?

कर्सरवाला:
...सी-डब्ल्यूला हात लावाल तर याद राखा.