मारी युओने मारलेला छत्रीचा फटका: बरोबर की चूक?

कडुनिंब:
पॅरिस, 1883. कॉलेज द फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार जिवंत माकडाची चिरफाड करून दाखवत होते. तेवढ्यात एका बाईने त्यांना हातातल्या छत्रीने फटका हाणला. ही मारी युओ (1846-1930), पत्रकार आणि कवयित्री. एवढ्यावरून तिला माथेफिरू ठरवणं सोपं आहे. मला मात्र तो फटका बरोबरच वाटतो. तेव्हा तिथे होता 1850 चा ग्रामों कायदा: 5 ते 15 फ्रँक दंड, फार तर पाच दिवस कैद, आणि तीही पाळीव जनावराला चारचौघांत छळलं तरच. गाडीवानाने भर रस्त्यात घोडा बडवला तर गुन्हा, प्रयोगशाळेत मात्र मोकळं रान. इंग्लंडने अशा प्रयोगांना 1876 मध्ये परवाना सक्तीचा केला होता, फ्रान्सने नाही. मग दाद मागायची कुणाकडे?

नाडीपरीक्षा:
दाद मागायला जागा नाही म्हणून हात उचलायचा? अजिबात पटलं नाही. ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांचा मज्जारज्जू एका बाजूने कापून पाहिला, म्हणून कळलं की वेदनेची जाणीव मज्जारज्जूतच बाजू बदलून वर जाते. आजही पाठीत सुरा लागलेला पेशंट येतो, एका पायात ताकद नसते, दुसऱ्याला टाचणी टोचलेली कळत नाही. या लक्षणांना त्यांचंच नाव आहे. आणि याच बाईने 1886 मध्ये सॉर्बोन या पॅरिसच्या विद्यापीठात पाश्चर यांच्या भाषणात गोंधळ घातला. जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पाश्चर यांची रेबीजची लस आदल्याच वर्षी टोचली होती! सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनलेली. रेबीजचा पेशंट पाण्याचा पेला पाहून कसा तडफडतो, हे पाहिलेला माणूस तिची बाजू घेणार नाही.

कडुनिंब:
पाश्चर यांच्या बाबतीत ती चुकलीच. पण माकडाचं काय? ईथरची भूल 1846 मध्ये, तिच्या जन्मवर्षीच, जगापुढे आली होती. तरी पुढेही कित्येक प्रयोगांत क्युरारे हे स्नायू लुळे करणारं विष वापरायचे. त्याने जनावर हलत नाही, ओरडत नाही, जाणीव मात्र शाबूत राहते. हे असे प्रयोग करणारे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांच्या बायकोलाही हे प्रयोग सोसवेनात. ती मुलींना घेऊन वेगळी झाली आणि बेवारशी कुत्री सांभाळू लागली.

उंबरठा:
तिची दुसरी बाजूही बघा. 1892 च्या व्याख्यानात तिने बायकांना मुलं जन्माला न घालण्याचा संप करायला सांगितलं. जगणं म्हणजेच यातना, म्हणून नवा जीवच नको. मला हे भयंकर वाटतं. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क हवा, इथवर मी तिच्याबरोबर आहे. पण माणसाचा वंशच थांबावा म्हणणाऱ्या व्यक्तीकडून मी करुणा शिकणार नाही.

नाडीपरीक्षा:
सहमत. पाश्चर संस्थेतूनच आलेल्या हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस केली, तीही आधी सशांना टोचूनच. तिचं ऐकलं असतं तर ती लस आलीच नसती.

कडुनिंब:
त्याच हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 ला ती स्वतःला टोचून घेतली, हेही सांगा ना! सशानंतर आपला दंड पुढे करणाऱ्यावर मी छत्री उगारणार नाही. माझा राग भूल हाताशी असताना ती न देणाऱ्यांवर आहे, आणि तो राग तेव्हा उघडपणे दाखवणारी म्हणून मला मारी युओ मोठी वाटते.