थर्मोस्टॅट बदलूनही जुनी गाडी तापते. हेड उघडावे का?

प्रश्न

माझ्याकडे 22 वर्षे जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. तेल, प्लग आणि ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो, पण इंजिनच्या आत मी अजून हात घातलेला नाही. गेले दोन महिने लांबच्या चढणीवर तापमानाचा काटा मध्यरेषेच्या बराच वर जातो आणि उतार लागला की परत येतो. वाहतुकीत अडकल्यावर मात्र त्रास होत नाही, कारण पंखा वेळेवर सुरू होतो. मी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, पण काही फरक पडला नाही. दर आठवड्याला सकाळी थंड रेडिएटर उघडला की त्यात अर्धा ते पाऊण लिटर पाणी मावते, परंतु गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. एका मिस्त्रींनी बॉनेट उघडताच हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण (हेड) आणि खालचे इंजिन यांमधली सील, गेल्याचे सांगितले. हेड स्वतः उतरवण्याचे धाडस करावे का?

प्रतिसाद १

पाणी कमी होते आणि गळती दिसत नाही, म्हणजे ते सिलिंडरमध्ये जाऊन जळत असणार. माझ्या गाडीच्या बाबतीत अगदी हेच झाले होते. हेड उतरवावेच लागेल. मात्र उतरवल्यावर ते सपाट आहे की नाही हे सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून अवश्य तपासा, कारण ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते आणि वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केटही टिकत नाही.

प्रतिसाद २

घाई करू नका, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हेड उतरवणे म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा चेन सोडवणे, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळणे, आणि अनेक इंजिनांत ते बोल्ट नवेच घेणे. एवढा खटाटोप करण्यापूर्वी गॅस्केट खरोखर गेले आहे याचा पुरावा हाती असायला हवा, आणि तो मिळवायला फारसे काही लागत नाही. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी रेडिएटरचे झाकण काढून गळ्यापर्यंत पाणी भरा आणि इंजिन सुरू करा. पहिल्या एक-दोन मिनिटांतच बुडबुड्यांची अखंड रांग लागली, तर ज्वलनातला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. त्याचप्रमाणे, झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापण्याआधीच वरचा होज (इंजिनातून रेडिएटरला जाणारी जाड रबरी नळी) दगडासारखा कडक झाला तरी संशय गॅस्केटवरच जातो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का आणि एक्झॉस्टमधून इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाची पांढरी वाफ येते का, हेही पाहा. केवळ छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा दुधाळ थर नुसत्या दमटपणामुळेही बसतो, म्हणून एवढ्या एका खुणेवर निर्णय घेऊ नका. निळ्या द्रावाची चाचणीही उपलब्ध असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढली आणि तो पिवळा झाला, तर गॅस्केट गेले.

आणखी एक गोष्ट आपण लिहिलेली नाही. रेडिएटरमधले पाणी कमी होते तेव्हा बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी किती असते?

प्रश्नकर्ता

चाचणी आज सकाळी केली. सुरुवातीला दोन-तीन बुडबुडे आले, नंतर पाणी शांत राहिले. होज कडक झाला नाही. तेल स्वच्छ आहे. बाटली मात्र कमाल रेषेच्याही वर भरलेली आहे, आणि ते चांगले लक्षण समजून मी तिच्याकडे लक्षच दिले नव्हते.

प्रतिसाद ३

मग आपले पाणी हरवत नाही, ते बाटलीत जाऊन तिथेच राहते आहे. पाणी तापून फुगले की झाकणाची स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचे पाणी बारीक नळीतून बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की रेडिएटरमध्ये पोकळी निर्माण होते, झाकणातली लहान उलटी झडप उघडते आणि तेच पाणी परत ओढले जाते. आपल्याकडे हा परतीचा प्रवास बंद पडला आहे. याला कारणे दोनच असू शकतात, आणि ती ओळखण्याची खूण सोपी आहे. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला, तर उलटी झडप अडकली आहे. होज गोलच असेल, तर पाण्याऐवजी कुठून तरी हवा ओढली जाते आहे, आणि ती बहुधा त्या बारीक नळीतून.

रोज थोडी हवा साठली की चढणीवर, म्हणजे इंजिन सर्वाधिक उष्णता निर्माण करते तेव्हाच, पाणी अपुरे पडते. झाकण गरम असताना चुकूनही उघडू नका. 0.9 बार दाबाच्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल होताच ते क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

प्रश्नकर्ता

होज गोल होता. नळी काढून वाकवली, तेव्हा रेडिएटरच्या गळ्याजवळ क्लिपच्या अगदी खाली केसासारखी चीर उघडली, आणि तिच्याभोवती वाळलेल्या कूलंटचा पांढुरका ओघळ होता, जो मी आजवर धूळ समजत होतो. नळी बदलली आणि वय पाहता झाकणही नवे लावले. आता दहा दिवस झाले. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला असतो आणि त्याच चढणीवर काटा मध्यरेषा सोडत नाही. काढून ठेवलेला जुना थर्मोस्टॅट कुतूहल म्हणून पातेल्यातल्या पाण्यात तापवला, तर तो त्यावर कोरलेल्या 82 अंशांना बिनचूक उघडला!

प्रतिसाद २

उत्तम. दोन महिने आपण वर साधे पाणी घालत होता, त्यामुळे कूलंट पातळ झाले असणार. सगळे काढून, आत स्वच्छ पाणी फिरवून, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा, आणि भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा निघून जाऊ द्या. नव्या कूलंटचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेशी जुळवून पाहा, केवळ रंगावर जाऊ नका. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. ते गोडसर लागते, म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात.