कॅसेटच्या कन्व्हर्जनसाठी प्रोसेसर बदलू का? (आय३-८१००)

फोटोवाला_फलटण
नमस्कार मंडळी. फलटणला माझा स्टुडिओ आहे. २००४ ते २०११ लग्नं मिनीडीव्हीवर शूट केली. आता तीच जोडपी पोरांना घेऊन येतात, "दादा, आमची कॅसेट पेनड्राइव्हवर द्या की." तासाच्या १४० कॅसेट निघाल्या. फायरवायरने (कॅमेरा पीसीला जोडायची केबल) सगळ्या पीसीत उतरवल्या, तासाला १३ जीबी. २ टीबीची डिस्क काठोकाठ भरली.

गाडी अडलीय ती पुढे. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ एन्कोड करून, म्हणजे आकसून, लहान फाइल काढणारं सॉफ्टवेअर) एका फाइलला २ तास १० मिनिटं लागतात. म्हणजे एकूण ३०० तासांच्या वर. त्यात आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. मागच्या गुरुवारी ८७ टक्क्यांवर गेली, यूपीएसने दहा मिनिटं दम धरला आणि मग राम म्हटला. अर्धवट एमपी४ उघडेचना. परत शून्यापासून.

मशीन: आय३-८१००, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सेटिंग: एच.२६५ (फाइल आकसायची नवी पद्धत), प्रीसेट (वेगाची ठरलेली पायरी) स्लो, डीइंटरलेसला (एकाआड एक ओळींचं जुनं चित्र सलग करायला) बॉब. स्लो का, तर भाचा म्हणाला सावकाश केलं की क्वालिटी येते. (भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही.) टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू कायम १००. दुकानदार म्हणतो, वापरलेला आय५-९४००एफ टाका, सहा कोअर आहेत. टाकू का?

खोका_उघडा
९४००एफ नको! नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. तुमचा मॉनिटर थेट बोर्डाला जोडलेला असणार. नवा प्रोसेसर बसवून बटण दाबाल, पंखा फिरेल आणि स्क्रीन काळी ती काळीच. दुकानदाराने हे सांगितलं नाही याचं नवल वाटतं. की वाटत नाही. शिवाय क्विक सिंकही (व्हिडिओ झटपट एन्कोड करणारी सोय) त्या ग्राफिक्समध्येच असतं, तेही हातचं जाईल.

घ्यायचाच तर आय७-८७०० बघा. सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी बारा कामं), ग्राफिक्स आत. पंखा मात्र बरा घ्या, तासन्‌तास लोडवर चालणार आहे. आणि कुणी "आय७-७७०० स्वस्तात देतो, सॉकेट ११५१च आहे" म्हणालं तर हात जोडा. सॉकेट (प्रोसेसर बसायची खाच) तोच, पण सातव्या पिढीचा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर चालत नाही.

रात्रपाळी
दादा, एवढ्यात खिशात हात घालू नका. तुमचं चित्र ७२० बाय ५७६. एच.२६५चा एन्कोडर ते ६४ पिक्सेल उंचीच्या ओळींत वाटून घेतो, म्हणजे फ्रेमला नऊच ओळी. वरची ओळ थोडी पुढे सरकल्याशिवाय खालची सुरू होत नाही. बारा थ्रेड दिले तरी त्यातले बरेच रेशनच्या रांगेत उभे. मोठ्या प्रोसेसरचा फायदा हवा तर एका वेळी दोन फाइली लावाव्या लागतील.

बॉबमुळे २५चे ५० फ्रेम होतात, काम दुप्पट. पण ते काढू नका, हालचाल सुरेख राहते. त्यापेक्षा एच.२६४ (एच.२६५च्या आधीची पद्धत) घ्या, प्रीसेट मीडियम, आरएफ (क्वालिटीचा आकडा, कमी तितकं चित्र चांगलं) १८. नाहीतरी जुन्या टीव्हीच्या यूएसबीला एच.२६५ चालत नाही, लोक पेनड्राइव्ह परत घेऊन येतील. फाइल एमपी४ऐवजी एमकेव्ही प्रकारात काढा. लाइट गेली तरी तिथपर्यंतचा भाग बहुधा उघडतो. पूर्ण झाली की एमपी४त नुसती पालटून घ्यायची, पुन्हा एन्कोड करायची गरज नाही.

आधी दोन मिनिटांचा तुकडा करून बघा. सगळ्यात अवघड जागेचा घ्या, नाहीतर फसाल.

खोका_उघडा
हे बरोबर. क्विक सिंकही एकदा लावून बघा, तुमच्या आय३त आहेच. फुकटात आहे.

फोटोवाला_फलटण
केलं सगळं. तुकडा अक्षतांचा घेतला. शंभर हात वर, तांदळाचा पाऊस, मागे लाइटिंगची माळ. याहून अवघड माझ्याकडे काही नाही.

क्विक सिंक: वाऱ्यासारखं. पण अक्षता पडताना नवरीच्या पिवळ्या शालूवर ठोकळे आले. गिऱ्हाइकाला दिसले नसते. मला दिसले.

एच.२६४ मीडियम: तासाची फाइल २६ मिनिटांत! आधी १.३ जीबी व्हायची, आता २.१. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा देतो, काय फरक पडतो? चित्र मी आणि बायकोने शेजारी-शेजारी लावून पाहिलं. तिला फरक सांगता आला नाही, आणि माझ्या अल्बममधला चुकीचा रंग ती दारातून ओळखते. १४० फाइली आता ६० तासांत. रात्री लावतो, गुरुवार सोडून. प्रोसेसरचे पैसे डिस्कमध्ये घातले, मूळ डीव्ही फाइलींची दुसरी कॉपी नव्हती.

भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी क्वालिटीचं बोललो होतो, टायमाचं नाही."

एक गंमत. हँडब्रेक खाली सेकंदाला किती फ्रेम झाल्या तो आकडा दाखवतं. एरवी ११५च्या आसपास असतो. मध्येच धाडकन ७०वर येतो, मिनिटभर तिथेच घुटमळतो, परत चढतो. काल चहा पिता-पिता आवाज बंद ठेवून नुसता आकडा बघत होतो. ७०वर आला की बायकोला म्हणतो, "लागलं बघ."

रात्रपाळी
😄 आणि मुंजीच्या कॅसेटला?

फोटोवाला_फलटण
तिथेही पडतो. अक्षता तिथेही आहेतच की.