‘माहेरची साडी’ आणि समीक्षकांची हेटाळणी

‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटाला समीक्षकांनी रडका म्हणून हिणवले, तरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, म्हणजे समीक्षाच चुकली, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. संकटांवर संकटे रचली आहेत आणि दिसणारे दुःखही पात्रे पुन्हा बोलून दाखवतात, ही तक्रार रास्तच आहे. मात्र उषा नाडकर्णी यांची सासू अतिरंजित ठरवणाऱ्यांनी परभणी-जालन्याकडच्या बायकांना विचारायला हवे होते. पंचमीला माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी वेळेवर आला नाही म्हणून उंबऱ्याशी घुटमळणारी सून आणि त्यावरून चुलीपाशी बसून सासूने हाणलेला टोमणा, हे आमच्याकडे कुणाला पटकथेत लिहून द्यावे लागत नव्हते. मुळात एका राजस्थानी चित्रपटावरून बेतलेली ही कथा इथल्या बायकांना आपल्याच घरातली का वाटली, हे शोधणे समीक्षेचे काम होते. अलका कुबल यांच्या रडण्यावर विनोद करणे त्यामानाने सोपे (तेही अजून चालूच आहे). माझा आक्षेप वेगळाच आहे: जी निमूट सोसते तीच चांगली सून, हे गृहीतक चित्रपट कुठेही तपासत नाही, आणि तंत्रातल्या भडकपणाला नावे ठेवण्याच्या नादात त्यावर बोट ठेवायचे राहून गेले.